‘तोडा’ कोणी म्हणायचे

१२ सप्टेंबर २००५, सोमवार
मे महिन्यापासून वहीला हात लावला नाही. माफी. पण कारण चांगले आहे. एकवीस वर्षे कॉलेजात कॉमर्स शिकवल्यावर खरे काम मिळाले. पंचवटीतल्या फूल उत्पादक सोसायटीने मला कोच नेमले आहे. जुने मॅनेजर गोटीरामतात्या सव्वीस वर्षांनी रिटायर झाले. नव्या दीपमाला मॅडम, बी.एस्सी. अ‍ॅग्री, फुलवाल्यांच्याच घरातल्या. त्यांना आणि टीमला बदलातून सुखरूप न्यायचे. चेअरमन म्हणाले, दसऱ्याचा झेंडू नीट गेला तर मॅडम कायम, नाहीतर तात्या परत. पुण्याच्या पाच दिवसांच्या वर्कशॉपचे सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतले.

१९ सप्टेंबर
मॅडमना पहिला नियम दिला : नव्या लीडरने शंभर दिवस फक्त ऐकायचे. निर्णय टीमचा. त्या म्हणाल्या, इथे मॅनेजरने ‘तोडा’ म्हटल्याशिवाय एकही शेतकरी झेंडूला हात लावत नाही. मी म्हणालो, हीच ती जुनी मानसिकता. त्यांनी लिहून घेतले.

२६ सप्टेंबर
मीटिंग. विषय : तोडणी कधी? गाड्या पाहणारे धोंडीराम म्हणाले, मॅडम सांगतील तसं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सांगाल तसं. माल निवडणाऱ्या वत्सलाबाई म्हणाल्या, सर, झेंडू काय मीटिंग घेऊन उमलत नाय. सगळे हसले. मीही. वातावरण मोकळे होत आहे.

३ ऑक्टोबर
टीम रोज सकाळी तात्यांच्या ओट्यावर जमते असे कळले. यात माझे काही चुकले का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही. तरी खात्रीसाठी मीही गेलो. तात्या म्हणाले, आम्ही आता बोलत नाय बुवा, मॅडमचं राज्य हाय. चहा उत्तम.

८ ऑक्टोबर, शनिवार
मॅडमनी चिठ्ठी दाखवली : ‘रविवारी पहाटे तोडा.’ मंगळवारी माल मुंबईच्या बाजारात हवा, त्यात आभाळ आलेले. मी म्हणालो, घडी घालून ठेवा. टीम स्वतः ठरवेल तेव्हाच ती तुमची होईल. त्या म्हणाल्या, सर, फूल थांबत नाही. पण घडी घातली. केवढा विश्वास!

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
काल कोणीच तोडले नाही. आज दुपारपासून पाऊस. धोंडीराम म्हणाले, मॅडम, एकदा तोंडातून काढलं असतं तर कालच गाड्या भरल्या असत्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी फाइलमध्ये पाहिले.

१२ ऑक्टोबर, दसरा
शेवटी काल शेतकऱ्यांनीच घाबरून तोडले. भिजलेला माल आज दुपारी पोहोचला, बाजार उठल्यावर. निम्मा इथेच, सोसायटीच्या अंगणात काळा पडतो आहे. वत्सलाबाई म्हणाल्या, सर, घरी तोरण झालं का? न्या की, लय हाय.
दोन पाट्या नेल्या. नाही म्हणणे बरे दिसले नसते.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
चेअरमनच्या केबिनमध्ये सगळे. ते म्हणाले, बाईंना निर्णयच घेता येत नाही. सोमवारपासून तात्या परत. मी बोलणार होतो. पण कोचने मधे पडू नये, असे वर्कशॉपमध्ये सांगितले होते. (सांगितले होते का? नोट्स पाहिल्या. नाही.)
जिन्यात मॅडमनी ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, मी ऐकलं, सर. तुम्ही म्हणालात तसंच ऐकलं.
रविवारी पहाटे. बरोबर होते.
चेअरमन उद्या दिवसभर मुंबईत आहेत. शिपायाला दोनदा विचारून खात्री करून घेतली.
उद्या : चेअरमनना समक्ष भेटून सांगणे, गप्प बसायला मीच सांगितले होते.