अवेळी फुललेली काडी

हेरफर्ड, २ मार्च १९२६

प्रिय आईस सप्रेम नमस्कार,

आजोबांच्या बागेतील सफरचंदाच्या पाच जुन्या जाती कलमासाठी निवडल्या. काडी झाड निद्रिस्त असतानाच कापावी, म्हणजे खुंटाशी, म्हणजे मुळे असलेल्या रोपाशी, सांधा उत्तम जुळतो; निसर्गाची केवढी सुंदर योजना! साऱ्या काड्या तळघरात ओल्या वाळूत ठेवल्या आहेत.

तुझ्या जन्मदिनी लावलेल्या झाडाची काडी मात्र आज फुललेली दिसली. उबेने असे होते. पण वाळू बर्फासारखी गार होती.

"जाळ ती, पोरी," म्हातारे माळी प्रीसकाका म्हणाले. "अवेळी फूल आलं, की ज्याचं झाड त्याला वरचं बोलावणं येतं. पण शिकलेल्यांना कोण सांगणार!"

मी हसले. मग फूल खुडून त्याच काडीचे कलम सर्वांआधी बांधले.

तुझा खोकला कसा आहे? पत्र मिळताच उत्तर पाठव. बाबांकडून लिहवून नको, तुझ्याच अक्षरात हवे.

तुझी वाट पाहणारी,
मेबल