राफाएलच्या मामाची निरवानिरव

मी, बेनेडिक्ट मोकारा, वय वर्षे शहात्तर, राहणार तोरोवाना, किएटा किनारा, बोगनविल, प्रांतिक सभेचा माजी सदस्य, हे मृत्युपत्र माझी मुलगी क्लेर हिला सांगून लिहवून घेत आहे. छाती दगा देते, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही. धाक घालणारे बहुतेक माझ्याआधीच गेले.

कलम पहिले. माझ्या नावावर जमीन नाही आणि नसावीच. आमच्यात जमीन आईकडून लेकीकडे जाते. मी राहतो ती माझी पत्नी ओदिला हिची, आणि जिथे जन्मलो ती आता माझी धाकटी बहीण रोझिना हिची. पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा राजधानीतल्या एका साहेबाने विचारले होते, "तुमची स्वतःची जमीन किती एकर?" मी म्हणालो, "काहीच नाही साहेब. मी फक्त तिच्यासाठी भांडतो." त्याला ती थट्टा वाटली.

कलम दुसरे. घराचे लाकूड व पत्रे माझे आहेत, ते ओदिलाचे व्हावेत. होडी आणि इंजिन मुलगा मार्टिन याला. इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू होते, पहिल्या ओढीला त्याला शिव्या देऊ नयेत.

कलम तिसरे. सिमियन तावोई याने मला तीन निवडणुकांत विरोध केला आणि भर बाजारात "विकला गेलेला" म्हटले. माझ्या दफनानंतर जे काही जेवण कराल त्यात डुकराचा पहिला वाटा त्याला द्यावा. तो भाषण करील. करू द्यावे. मेल्यावर मला ऐकावे लागणार नाही.

कलम चौथे. हे देण्याघेण्याचे कलम नव्हे, तरी लिहावे, असे क्लेरला बजावले आहे.

तांब्याच्या खाणीवरून सरकारशी लढाई पेटली, सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि औषधाविना बाळंतिणी मरू लागल्या. तेव्हा त्याच सरकारने नेमलेल्या मंडळात मी जागा घेतली. दवाखाना उघडला. जंगलात लढणाऱ्या आमच्याच पोरांनी मला फितूर ठरवले. त्यांच्यात रोझिनाचा मुलगा राफाएल होता. आमच्यात भाच्याला घडवायचे ते मामाने. जाळे कसे टाकावे, वडीलधाऱ्यांपुढे कसे बोलावे, हे त्याला मी शिकवले. कुळात माझ्यामागे तोच उभा राहायचा होता.

एके दिवशी भर उन्हात, बंदूक मागे ठेवून, तो किनाऱ्याने चालत माझ्या घरी आला.

"मामा, ती खुर्ची सोड," तो म्हणाला. "नाहीतर तुला संपवायला मलाच पाठवणार आहेत."

"मग तूच ये. परक्याच्या हातून नको."

तो हसला. "तुझ्याशी बोलून कोण जिंकलंय आजवर?"

परतताना नदीच्या उतारावर सरकारी शिपायांनी त्याला गोळी घातली आणि प्रेत छावणीत नेले. तो माझ्याकडे येऊन गेला होता, एवढे सर्वांना पुरले. मामानेच धरून दिला, असे बोलले जाऊ लागले. रोझिना चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तू अख्ख्या बेटाचा पुढारी झालास, दादा. माझ्या पोराचा मामा तेवढा झाला नाहीस."

मरण दाराशी असताना लिहून ठेवतो की, तो आल्याचे मी कोणालाही सांगितले नव्हते. शिपायांना कसे कळले, ते मला आजही ठाऊक नाही.

त्यानंतरही मी खुर्ची सोडली नाही, असे लोक म्हणतात. ते खरे आहे. त्या खुर्चीवरच्या माणसालाच छावणीच्या फाटकातून आत घेत. दर खेपेला मी अधिकाऱ्याला विचारी, "माझा भाचा कुठे पुरलाय?" तो म्हणे, "कुठला भाचा?" शांतता झाली, छावणी उठली. निघता निघता एका शिपायाने मला धावपट्टीमागचा नीरफणस दाखवला आणि मान खाली घालून ट्रकमध्ये चढला. त्या झाडाखालून खणून काढलेल्या अस्थी मी चटईत गुंडाळून रोझिनाच्या दारात नेल्या. तिने त्या माझ्या हातांतून घेतल्या आणि दार लावले. पुढे गावागावांनी समेटाचे बाण मोडले, एकत्र सुपारी चघळली. ती आली नाही.

कलम पाचवे. सार्वमतात मी स्वातंत्र्याला मत दिले. निकाल स्वातंत्र्याच्या बाजूने लागला, राजधानीचा निर्णय अजून लागलेला नाही. माझ्या शवपेटीवर कोणाचाही झेंडा घालू नये.

कलम सहावे. मला आईच्या जमिनीत, म्हणजे रोझिनाच्या जमिनीत पुरावे, ही इच्छा. ती नाही म्हणाली तर कोणी तिची मनधरणी करू नये. ओदिलाने तिच्या माडांखाली जागा दाखवली आहे.

पुरवणी. वरील मजकूर क्लेर पडवीत वाचून दाखवत असता रोझिना आली. तिला कोणी बोलावले, हे मला सांगितलेले नाही. ती खाली बसली, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "सहावं कलम खोड. माझ्या जमिनीत कोणाला घ्यायचं ते कागद ठरवणार नाही."

क्लेरने त्यावर रेघ मारली.

मग माझ्याकडे न बघता रोझिनाने विचारले, "त्या दिवशी तो जेवला होता का?"

मी सांगितले, "जेवला. नारळाच्या रसातल्या अळकुड्या आणि मासा. ओदिलाला म्हणाला, आईसारखा झालाय. पुन्हा वाढून घेतलं."

"पोटभर?"

"पोटभर."

ती म्हणाली, "हे लिही, क्लेर." म्हणून लिहिले आहे.

ठिकाण : तोरोवाना
दिनांक : १७ ऑगस्ट २०२३

सही : बेनेडिक्ट मोकारा

हे आमच्या समोर वाचले गेले व त्याने आमच्या समोर सही केली :
१. फादर इग्नास पेरोई (सही)
२. रोझिना मोकारा, राफाएलची आई (अंगठा)