दोन खरी, एक खोटं

सोमवार, ४
शाळा सुरू. चौथीला ‘माझी सुट्टी’ निबंध नको म्हणून नवा उपक्रम घेतला. सुट्टीतली तीन वाक्यं लिहायची — दोन खरी, एक खोटं. खोटं कुठलं ते वर्गाने ओळखायचं. मुलं खूश!

एक नवी मुलगी आहे. दोन घट्ट वेण्या. तिने वाचलं : मी सायकल शिकले. आम्ही मांजर पाळलं. आई कामावर जाते तेव्हा मला बाथरूममध्ये घालून बाहेरून कडी लावते.

“तिसरं! तिसरं!” सगळा वर्ग. “जेवतेस पण तिथेच काय गं?” हशा. मीही हसले. तिने वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हो बाई, तिसरंच.”

लाल पेनाने शेरा दिला — कल्पना छान!

मंगळवार, ५
मधल्या सुट्टीत पोरींनी तिला शाळेच्या संडासात कोंडलं. “तुझं घर गं!” सफाईच्या मावशींनी कडी काढली. मावशी म्हणाल्या, “हाका नाहीत, रडणं नाही. भिंतीला टेकून बसली होती, सवय असल्यासारखी.”

पोरींना रागावले. मावशी जरा तिखटमीठ लावूनच सांगतात.

बुधवार, ६
तिला बाजूला घेऊन विचारलं. “खोटंच होतं, बाई.” दोनदा म्हणाली. मी सुटले. सुटले हाच शब्द मनात आला, तो का?

गुरुवार, ७
पालकसभा. तिची आई हसतमुख, इस्त्रीची साडी. मीच कागद पुढे केला. “बघा तरी, काय डोकं चालतं तुमच्या लेकीचं!”

तिने वाचलं. चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. “मांजर कुठलं हो, बाई? मला मांजराचे केस सहनच होत नाहीत.” आणि हसली. मीही.

जिन्यात पाय थांबले. मांजर खोटं. खोटं एकच लिहायचं होतं.

धावत फाटकापर्यंत गेले. मायलेकी गेल्या होत्या.

का दाखवला मी तो कागद? तिचं कौतुक म्हणून? छे. माझ्या उपक्रमाचं!

शुक्रवार, ८
ती आली नाही. आईचा फोन बंद.

मोठ्या बाईंकडे गेले. “तीन ओळींवरून एका आईवर आळ घेता? आणि आहे कुठे तो कागद?” सांगितलं कुठे आहे. त्या चष्मा पुसत बसल्या.

बालकल्याण कचेरीत मी स्वतः फोन केला. “मुलगी स्वतः काय म्हणते?” खोटं होतं म्हणते, मी म्हणाले. “पुढच्या आठवड्यात बघतो.”

शनिवार, ९
घरी गेले. कुलूप. बेल वाजवली, नावाने हाका मारल्या. शेजारीण म्हणाली, “दिवसा कोणी नसतं तिथे.” दाराला कान लावून उभी राहिले. आतून काही नाही. ती हाका मारत नाही, हे मला ठाऊक आहे.

सोमवार, ११
आई एकटीच आली, दाखला न्यायला. “तुम्ही दाखवलंत म्हणून कळलं, बाई. उपकार झाले. आता तिला घरीच शिकवणार.”

दाखल्यावर वर्गशिक्षकाची सही लागते. केली.