पोथीनंतर वाचलेलं

प्रिय आरोही,

मी शिकवायचो त्या तिसरीच्या वर्गात पोरं चालीवर कविता म्हणायची, तो आवाज अजून कानात आहे. सगळी थांबली तरी एका पोराची ओळ मागून रेंगाळत यायची आणि वर्ग हसायचा. तो बजरंग. हे नाव तू मला सांगितलं नव्हतंस, बाळा. मीच ओळखलं.

लिस्बनच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या, आपल्याकडच्या एका माणसावर तू तुझ्या विद्यापीठाच्या अंकासाठी लिहिलंस आणि हौसेनं माझ्यासाठी मराठीत उतरवून पाठवलंस. नाव न देण्याच्या अटीवर तो बोललाय, छापून येईपर्यंत कुणाला दाखवू नका आबा, असं फोनवर बजावलंसही. पण तेरखेड्याच्या कारखान्यात फटाके भरताना भाजलेली बोटं, घासता घासता गुणगुणलेली शाळेतली कविता, आणि ते वाक्य : 'आमचे मास्तर गाऊन शिकवायचे, म्हणून एवढं तरी डोक्यात राहिलं.' निवृत्त मास्तराला एवढं वाक्य फार होतं गं.

मंदिरात संध्याकाळची पोथी मीच वाचतो. त्या दिवशी अध्याय लवकर संपला, आरतीला अवकाश होता. मी खिशातून तुझे कागद काढले. ते एकच वाक्य वाचणार होतो. पण पोथीचा सूर लागलेला, माणसं हात जोडून बसलेली, वाचतच गेलो : घरी मॅनेजर म्हणून सांगितलंय, पण भांडी घासतो. एका खाटेवर पाळीपाळीनं तिघं झोपतात. मधेच ऐकणाऱ्यांतला गौरीशंकर म्हणाला, "मास्तर, ह्यो आपला बजरंग तर न्हाय?" तशी खांबापाशी बसलेली हरणाबाई, त्याची आई, उठली आणि निघून गेली. ती रोज तिथंच बसते, हे मला ठाऊक होतं.

फोनवर बोलायचं धाडस होईना म्हणून हे लिहितोय. या पत्राचा फोटो काढून पाठवीन. बजरंगला गावाकडून कळण्याआधी तू त्याला सांग, की शब्द तू मोडला नाहीस, तुझ्या आबानं मोडला. इतकं लिहिलं आणि दारात हरणाबाई उभी. आठवडाभर मंदिरात न फिरकलेली बाई चपला काढून उंबऱ्याशी बसलीय. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणते, "मास्तर, त्या दिशी मी मधीच उठले. ऱ्हायलेलं वाचून दावा." राहिलेल्यात काय आहे, ते तूच लिहिलंयस : रिकाम्या हातानं आईसमोर उभं राहण्यापेक्षा इथंच मेलेलं बरं. कागद माझ्या हातात आहेत. ती पदर सावरून ऐकायला बसलीय.

तुझाच, सांगूनही न ऐकलेला,
आबा