नऊ पोवळ्यांचा उजेड

॥ श्री ॥

केज, जि. बीड
२० ऑक्टोबर २०२४

चि. वैष्णवी हिस मामाचे अ. उ. आ.

तुझा समुद्र केजात पोचला. पुण्याच्या घरमालकाने तुला टाकीसकट बाहेर काढलं आणि तू सहा महिन्यांसाठी बेटावर निघालीस, तेव्हा तुझी आई मला म्हणाली की दादा, पोरीचा जीव त्या काचेत अडकलाय, तुझ्याकडं जागा हाय तर ठेवून घे. मी हो म्हणून बसलो. मला वाटलं, असतील दोन मासे. टेम्पोतून उतरली चार फुटांची काच, मिठाची पोती आणि फुगलेल्या पिशव्यांत नऊ दगड, त्यावर तुझी पोवळी. तुझी मामी म्हणते, पोवळं तर अंगठीत असतं, हे भिजल्या गोधडीवानी काय हाय? मी म्हणालो, जिवंत हाय. तशी ती दोन पावलं मागं सरली.

तू लिहून दिलंस त्याप्रमाणे सगळं लावलंय. पंप दुसऱ्या खोलीतून ऐकला तर लांबून कपिलधारचा धबधबा ऐकू यावा तसा वाटतो. तिसऱ्या दिवशी त्यात बारीक खर्र असं आलं. मामी म्हणाली तुमचे कान वाजतात. उघडलं तर आत शिंपल्याची कपची. गल्लीत मात्र बोलतात की रामेश्वरने आयुष्यभर कमावलं आणि आता खारं पाणी विकत घेतो. माझ्यासमोर नाही बोलत, पण मला ऐकू येतं.

एक वाईट खबर आहे. मांजरसुंब्याच्या उतारावर टेम्पोत पोती घसरली आणि तुझा दिवा त्यांच्याखाली चेंदला. सध्या दुकानातली ट्यूबलाइट टांगली आहे. तू घोर करू नको. मेंढ्या सोडून मी वायरमनच्या हाताखाली गेलो तेव्हापासून आजवर किती मांडव उजळले त्याचा हिशेब नाही, तुझी चार फूट काच काय चीज आहे. दिवा मीच बनवतो. काय काय लागतं ते सविस्तर लिही. फोनवर तुझं अर्धं वाक्य बेटावरच राहतं, म्हणून पत्रच बरं.

लोभ आहेच, तो खाऱ्या पाण्यातही टिको.

तुझा,
रामेश्वरमामा

*

लक्षद्वीप
५ नोव्हेंबर २०२४

ती. रामेश्वरमामांस वैष्णवीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल बोटीने आलं. दिवा फुटल्याचं वाचून पत्र खाली ठेवलं आणि तुम्ही बनवणार हे वाचून पुन्हा उचललं.

मामा, प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर रांधतं आणि प्रवाळाला जेवू घालतं. म्हणजे तुम्ही दिवा नाही, चूल बनवताय असं समजा. अर्धे एलईडी पांढरे, अर्धे निळे हवेत, कारण समुद्रात खोलवर निळाच उजेड पोचतो. लोखंड कुठेही नको, खारी वाफ ते खाऊन टाकते. आणि उजेड कमी-जास्त करायचं बटण हवंच. या ओळीखाली मी दोन रेघा मारल्यात, त्या दिसतायत ना?

बाकी रूप तुमच्या मनासारखं करा. आधीचा दिवा म्हणजे पत्र्याचा डबा होता. फक्त वरातीसारखा पळता, रंग बदलता उजेड नको, माझी पोवळी नाचायला लागतील.

उजव्या कोपऱ्यातलं हिरवं नीट बघा. पहिल्या वर्षी परीक्षेत नापास झाले तेव्हा आमच्या मॅडमनी त्यांच्या टाकीतला नखाएवढा तुकडा मला दिला होता. म्हणाल्या, हे वाढव, मग बघू. सहा वर्षांत ते तळहाताएवढं झालं. बाकीची आठही अशीच टाकीत वाढवलेली, समुद्रातून एकही तोडलेलं नाही. हे नऊ जीव गेले तर मला पुन्हा सहा वर्षं लागतील, आणि तेच जीव काही परत यायचे नाहीत. तुमच्या हाती आहेत म्हणून मी इथे समुद्रातली प्रवाळं मोजायला निवांत पाण्यात उतरते.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या, वाढली तर ठेवायला जागा आहे.

आपली,
वैष्णवी

*

केज
२८ नोव्हेंबर २०२४

चि. वैष्णवी हिस अ. उ. आ.

दिवा झाला! बघायला तू इथं पाहिजे होतीस.

माडीवर आज्याची सागवानी बाज पडून होती, सुंभ केव्हाच कुजलेला. तिचे दांडे रंधून घेतले तर आतून मधासारखं लाकूड निघालं. त्याची चौकट केली, कोपरे खाचा मारून बसवले, एक खिळा नाही. त्याला आतून बाहेरून चार हात पॉलिश. मधे ॲल्युमिनियमची पन्हळ, सरकत्या खिडक्यांचं काम करणाऱ्या भागवतकडून कापून आणली. तिच्यावर बारा पांढरे आणि बारा निळे एलईडी. खालून ॲक्रिलिकचं झाकण, वाफ आत शिरायची बात नाही. गरमी ओढायला जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे. दुकानदाराने दिलेला एक पंखा कानाला लावूनच परत केला, त्याचं बेअरिंग पंधरा दिवसांत रडलं असतं. सगळं मिळून प्लॅस्टिक चढवलेल्या सायकलच्या ब्रेकच्या तारांवर स्लॅबच्या हुकाला टांगलंय, हवं तसं वर-खाली होतं. भागवत म्हणाला, साहेब, हे दिवाणखान्यात लावायचं सोडून पाण्यावर कावून लावता?

रविवारी नारळ फोडला, लाकडाला हळद-कुंकू लावलं आणि चार लोकांसमोर पूर्ण उजेड सोडला. आमच्या धंद्यात पहिला उजेड मिणमिणता दिला तर ते काम कायम मिणमिणतं राहतं, असं मानतात. पाण्यातून जे निळे झळाळ भिंतीवर हलायला लागले, ते बघून म्हातारेकोतारेसुद्धा खाली बसले. तेव्हापासून सारखी रीघ आहे. सकाळी दूध घालणारा येतो, संध्याकाळी तहसीलचे कारकून येतात. मामी चहा करून वैतागली आहे आणि खूशही आहे.

बाकी पोवळी बरी आहेत.

तुझ्या मामावरचा लोभ असाच उजळता ठेव.

रामेश्वरमामा

*

लक्षद्वीप
१४ डिसेंबर २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

दिव्याचं वर्णन मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. बाजेचा दिवा झालेला कुणी ऐकला नव्हता.

पण मामा, सागवानाला अर्धं पान, पंख्याच्या बेअरिंगला दोन ओळी आणि पोवळ्यांना एकच ओळ, तीही शेवटी? त्यात बटणाचं नाव नाही. तुम्ही माणसाचा आवाज ओळखता. मी तुमचं गप्प बसणं ओळखते, लहानपणी तुमच्याच दुकानात बसून शिकले.

नऊच्या नऊ पोवळ्यांचा रंग कोणता आहे, ते एकेक करून लिहा. दुसरं काही लिहिलं नाही तरी चालेल.

लोभ आहे, म्हणूनच विचारते.

वैष्णवी

*

केज
३० डिसेंबर २०२४

चि. वैष्णवी हिस अ. आ.

तुझं पत्र मामी मोठ्याने वाचत होती. मध्येच तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, तेव्हाच मला कळलं पुढं काय लिहिलेलं असणार.

मी तुला खोटं लिहिलं. नोव्हेंबरच्या अठ्ठावीस तारखेला पत्र टाकलं तेव्हा पोवळी खडूसारखी पांढरी पडली होती.

बटण मी बसवलंच नव्हतं. तुझ्या दोन्ही रेघा मला दिसल्या होत्या. पण इतक्या वर्षांत एकाही मांडवात मला कुणी उजेड कमी करा म्हणालं नाही, तेव्हा वाटलं की पोरगी पुस्तकातलं सांगते, पूर्ण उजेड दिला की झालं. लोक येत गेले, दिवा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत पेटता राहिला. दुसऱ्या दिवशी शेंडे फिके दिसले. मला वाटलं, रंग उडतो म्हणजे उजेड पुरत नाही. म्हणून मी आणखी चार एलईडी लावले. वैष्णवी, हे मी केलं. माझ्या हाताने.

डिसेंबरच्या एक तारखेला सटवादादा आला. तुला माहीतच आहे, तुझा थोरला मामा अजून शिरूरकडं मेंढरं राखतो, माणसाशी चार शब्दांच्या वर बोलत नाही. त्याने काचेला नाक लावलं आणि विचारलं की ही जनावरं खात्यात काय. मी म्हणालो, उजेड. त्याने विचारलं, ह्याच्या आधी किती खात व्हती? मी म्हणालो, दीड महिना एका ट्यूबलाइटीवर होती. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा लहानपणी काठी उचलण्याआधी पाहायचा. म्हणाला की मग बे रामा, दुष्काळात हाडं निघालेली मेंढरं तू एकदम हिरव्या घासात सोडलीस व्हय? फुगून मरत्यात की रं. धनगराचं पोर तू, आन हे इसरलास कावून?

लहानपणी भुकेल्या कळपाला घासाच्या कडेने हाकत न्यायचो, घटकाभर चारून मागं फिरवायचो. उद्या दोन घटका. मला हे येत होतं, वैष्णवी. मी ते मेंढरांबरोबर सोडून आलो असं समजत होतो.

दादानेच सांगितलं तसं केलं. दिवा ओढून पार स्लॅबला लावला. जादा एलईडी काढले. बटणाला लागणारा सुटा भाग पुण्याहून यायचा होता, तोवर मामीची नवी मच्छरदाणी कापून तिच्या सहा घड्या दिव्याखाली ताणल्या. मामी फक्त एवढंच म्हणाली की आता आपल्याला डास चावू द्या. उजेड दिवसाला चार तास. दर दहा दिवसांनी एक घडी काढायची. आज तीन निघाल्यात.

आता तू विचारलेलं. जांभळं मेलं. त्याच्या शेजारचं पंख्यासारखं होतं, तेही मेलं. दोन्ही दगड मी टाकले नाहीत, बाजूला ठेवलेत. चार फिकट तपकिरी, दोन पिवळट. हिरवं अजून पांढरंच आहे. पण पाण्यात खाणं सोडलं की त्याच्या अंगातून बारीक मिशा बाहेर येतात, म्हणजे भूक आहे. जगेल असं मी म्हणत नाही. आज जिवंत आहे.

जो राग येईल तो पूर्ण लिही, गाळू नको.

लोभाचं यावेळी मी काही मागत नाही.

रामेश्वर

*

लक्षद्वीप
१८ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

राग आला. गाळू नको म्हणालात म्हणून लिहिते. जांभळं मी अंगठ्याएवढं असताना आणलं होतं, आणि तुम्ही दोन रेघांवरून उडी मारून गेलात. त्याहून जास्त, बरी आहेत असं लिहिलंत याचा आला. दोन दिवस बोटीवर तो राग मी दिसेल त्याच्यावर काढला.

तिसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठांना विचारलं की असं झाल्यावर काय करावं. त्यांनी मला एक जाडजूड अहवाल दिला. तो पूर्ण वाचला तर त्यात तेच होतं, जे थोरल्या मामांनी काचेला नाक लावून सांगितलं. त्यांना नमस्कार सांगा. आणि सांगा की त्यांचं म्हणणं छापून आलंय, फक्त मेंढ्यांचा उल्लेख राहिला.

खरं सांगू? चूक मीही केली. उजेड एकदम वाढवायचा नाही, हे मी लिहिलंच नाही. बटण हवं म्हणाले, ते कशासाठी, ते सांगितलं नाही. आम्हाला ते इतकं पाठ असतं की समोरच्यालाही ठाऊक आहे असं वाटतं.

तुमच्या पत्रात आज जिवंत आहे असं लिहिलंत. त्या वाक्यावर मी विश्वास ठेवला, आणि का कोण जाणे, आधीच्या सगळ्या पत्रांपेक्षा जास्त ठेवला. म्हणून एक काम सांगते. हिरव्याला रंग आला की नव्या ब्लेडने त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा काढा आणि वेगळ्या दगडावर चिकटवा. कसं ते सोबतच्या कागदावर चित्र काढून दिलंय. एप्रिलअखेर मी येऊन टाकी घेऊन जाईन, पण तो तुकडा तुमचा. त्याच्यासाठी छोटी काच मी देते, दिवा तुम्ही करालच.

मामींसाठी मच्छरदाणी पाठवायला आईला कळवलंय.

लोभ मागायचा नाही असं ठरवू नका. मी देतेच आहे.

वैष्णवी

*

केज
१० मार्च २०२५

चि. वैष्णवी हिस मामाचे अ. उ. आ.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हिरव्याच्या बुडाशी शेवाळल्यासारखी एक रेघ दिसली. मी कुणाला बोललो नाही. चार दिवसांनी मामीच म्हणाली, अहो, त्याला कोंब फुटल्यावानी दिसतंय. तिथून रंग वर वर चढत गेला, जसा वाळल्या रानात पाऊस पडून गेल्यावर कडेकडेने चढतो. आज मधला भाग पुरता हिरवा आहे. बाकीची सहा तुझ्या जुन्या फोटोतल्यासारखी झाली आहेत, मी फोटो शेजारी धरून पाहिलं. मच्छरदाणी पूर्ण निघाली. बटण बसलं. रोज सकाळी मी त्याला चिमटीत धरून थोडं थोडं फिरवतो आणि दुपारनंतर तसंच उतरवतो. परवा तहसीलच्या एका कारकुनाने जरा जास्त लावा की म्हटलं, तर मामी स्वयंपाकघरातून ओरडली की जेवतंय ते, उगी ताटात हात घालू नका.

सटवादादाला तुझा निरोप दिला. छापून आलंय म्हटल्यावर विचारतो, मग मेंढरांचं कावून लिहिलं नाही?

आता तुझ्या कामाचं. ब्लेड आणलं. उकळून घेतलं. तुझं चित्र भिंतीला चिकटवलं, दगड हातात घेतला, हिरव्याची कड बोटाने चाचपली आणि थांबलो. हात लागला की सगळीच पोवळी आकसतात, मग हळूहळू उघडतात. बाकीच्यांना उघडायला वीस मिनिटं लागतात. हिरव्याला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावून पाहिलं, तेवढाच. रंग आलाय, पण अंग भरलेलं नाही. कडेला तर कागदासारखं पातळ आहे. ब्लेड धुऊन परत पाकिटात ठेवलं.

वैष्णवी, तू ह्यातली शिकलेली आहेस आणि मी त्यातले दोन जीव घालवलेला माणूस आहे, तरी ऐक. पोळ्यापर्यंत त्याला ब्लेड लागणार नाही. आणि टाकीही हलणार नाही. तीनशे किलोमीटर पिशवीत घालून टेम्पोतून न्यायचं त्याचं अंग अजून नाही. एप्रिलमध्ये तू ये. आठ दिवस राहा, काचेसमोर बस, बोट लावून बघ, घड्याळ मी देतो. आणि मग रिकाम्या हाताने पुण्याला जा.

तुला हे आवडणार नाही, तुझा श्वास इथपर्यंत ऐकू येतोय. पण ते वीस मिनिटांवर आलं की मी स्वतः पत्र टाकीन.

तोवर लोभ असू दे आणि धीरही असू दे.

तुझा,
रामेश्वरमामा