ढेकळाची साक्ष

ब्रॉली, कॅलिफोर्निया
मंगळवार, १६ ऑक्टोबर २०१८

प्रिय ऑर्तेन्सिया,

शनिवारी, १३ ऑक्टोबरला, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कालव्याकाठच्या नांगरलेल्या रानापाशी तू माझ्याशी खोटं बोललीस. तुझा गुडघा बरा असेल अशी आशा आहे. माझं उत्तम.

बाकी सकाळ झकास होती, हे मान्य. लसूणघासाला पाणी सोडलं होतं आणि शराटी पक्ष्यांची नुसती जत्रा भरली होती. तुझे बरितो मी दोन खाल्ले. अपमान अजून व्हायचा होता.

मग मी ओरडले, "तो बघ, डोंगरी चिखल्या! या मोसमातला पहिला!"

तू दुर्बीण लावलीस. "हो गं बाई, दिसला. मान वळवतोय बघ."

मोसमातला पहिला पक्षी दोघांनी पाहिला तरच यादीत जातो, हा आपल्या पक्षीनिरीक्षण गटाचा नियम. तू साक्ष दिलीस, वेंडेलनं वहीत लिहिलं, टाळ्या पडल्या. मी टोपी काढून वाकले!

रविवारी चर्चमधून निघून मी परत गेले. चिखल्या तिथंच. सोमवारीही तिथंच. शेवटी बूट चिखलात घालून जवळ गेले. ढेकूळ होतं, ऑर्तेन्सिया. आता ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. अजून मान वळवलेली नाही.

वेंडेलनं पाण्याच्या तोटीला ससाणा म्हटलं, तेव्हा वर्षभर तू त्याला "काय, ससाणा गळतोय का?" विचारत होतीस. गटातली बावीस वर्षं माझ्याही प्रत्येक चुकीवर खिदळलीस. या वेळी हसली नाहीस. तुला माझी कीव आली. दयेपोटी बोललेलं खोटंही खोटंच, हे शाळेत सिस्टर बेनेडिक्तांनी आपल्या दोघींनाही पट्टी मारून शिकवलं होतं.

आता आठवतं, महिनाभर तुझं चाललंय, "डावीकडे, लाली, तिसरा खांब, घुबड." मला वाटलं, म्हातारपणी बडबड वाढली.

तर ऐक. जूनमध्येच डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या धर्मकन्येलासुद्धा नाही. माझीच लेक ती, गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या, आणि शनिवारही गेला असता. हे खोटं नव्हे, मौन. बरं, खोटंच. रविवारी रस्त्यात मला ट्रॅक्टरनं मागे टाकलं.

२९ तारखेला एल सेंत्रोच्या इस्पितळात पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. सोबत कुणीतरी हवं. डोळ्यावर पट्टी असताना परतीच्या वाटेवर कुठल्या तारेवर काय बसलंय, ते तू सांगशील तेच मला मानावं लागेल. म्हणून सोबतीण खरं बोलणारी हवी. ढेकूळ असेल तर ढेकूळ म्हणणारी, आणि वर हसणारी.

तेव्हा वेंडेलला ती नोंद खोडायला सांग. आणि मला नेणार की नाही, ते शुक्रवार, १९ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. फोन चालणार नाही. फोनवर तू मला हसवतेस, आणि माझा राग अजून संपलेला नाही.

अक्षर मोठं काढ.

तुझी,
एउलालिया