पत्र्याचा चमचा

चिंचवड, सोमवार, १ सप्टेंबर १९५८

हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलं. चीन फोर्मोसाच्या बेटांवर तोफा डागतोय, अमेरिकेची जहाजं निघालीत.

कोरियातली लढाई थांबल्यावर कैदी सांभाळायला गेलेल्या आमच्या हिंदी पलटणीच्या पहाऱ्यात दोन चिनी कैदी होते, सख्खे भाऊ. थोरला आईकडे चीनला गेला. धाकट्यानं फोर्मोसा मागितलं, लाल चीनच्या विरोधातल्या चिन्यांचं बेट. जाताना पत्रा ठोकून केलेला चमचा त्यानं मला दिला.

आज पोरगी त्याच चमच्यानं भात खात होती. मी तो काढून घेतला. ती रडली.

"तुमाला परत पलटणीत बोलावत्याल का वो?" बायकोनं विचारलं.

"न्हाई," म्हणालो. खरंच नाही?

चमचा बघवत नाही. दोघांनाही आम्हीच सुखरूप पोचवलं. एकाला तोफेच्या मागं, दुसऱ्याला तोफेच्या तोंडी.